मंजुरी येईपर्यंत

दवाखान्याच्या दारावर योजनेचा फलक असतो आणि फलकावर पाच लाखांचा आकडा ठळक रंगवलेला असतो. आत शिरलं की नोंदणीच्या खिडकीला लागून एक टेबल. त्यावर संगणक, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन. तिथे बसतो त्याला आरोग्यमित्र म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या, घाटाखालच्या एका खासगी दवाखान्यात मी काही वर्षं ती खुर्ची सांभाळली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अमक्याचं ऑपरेशन मोफत झालं, ही बातमी पेपरात येते. त्या ऑपरेशनच्या आधी टेबलाच्या दोन्ही बाजूंना काय चाललेलं असतं, ते सहसा कुणी लिहीत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

योजना आपल्या जिल्ह्यात जरा उशिराच आली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत आपल्या विभागातला अमरावती होता, बुलढाणा नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली, तेव्हा आपला नंबर लागला. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, मूत्रपिंड बदलायचं असेल तर अडीच लाख. २०१७ मध्ये नाव बदललं, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, पुढे दोन्ही एकत्र झाल्या आणि जुलै २०२४ पासून सगळ्याच शिधापत्रिकाधारकांना पाच लाखांचं कवच मिळालं. तेव्हा उपचारांची यादी १३५६ वर गेली. ही वाढ खरी आहे आणि तिच्यामुळे माणसं वाचली आहेत. त्यांतली कित्येक माझ्यासमोरून चालत घरी गेली. पण त्या खुर्चीवर बसून मला एक गोष्ट पक्की कळली. आमच्याकडच्या गरिबाचं घोडं रकमेवर क्वचितच अडतं. ते अडतं मंजुरीच्या आधी, नाहीतर सुट्टी झाल्यानंतर.

आधीच्या काळात पहिली अडचण कार्डाच्या रंगाची होती. वर्षाचं उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत असेल तर पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर पांढरं. आता हिशेब करून बघा. महिन्याला साडेआठ हजार कमावणारा, कापडाच्या दुकानात गाठोडी उचलणारा माणूस वर्षाला एक लाख दोन हजार कमावतो. म्हणजे तो पांढऱ्या कार्डात गेला आणि योजनेतून बाहेर पडला. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्यातल्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सवलत मिळाली, त्यात बुलढाणा होता. पण तिथे सातबारा लागायचा. आमच्याकडे किती जण ठोक्याने वावर करतात, किती भावांची वाटणी कागदावर झालेलीच नसते! नांगर धाकट्याने धरायचा आणि सातबाऱ्यावर नाव थोरल्याचं. असा एक धाकटा भाऊ पोटाच्या दुखण्याने कण्हत माझ्यासमोर बसला होता. त्याची बायको म्हणाली, "भाऊ, वावर आमीच वाहतो. गावात कोनालेही इचारा." गावाला विचारून संगणकात भरायची जागा नव्हती. शेवटी थोरल्या भावाला बोलावलं, तलाठ्याशी बोलणं झालं, तरी नियमात काही बसलं नाही. त्या दोघांनी व्याजाने पैसे काढून ऑपरेशन केलं.

मे २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत शासनाने योजना राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली केली आणि रंगाची अट बाजूला ठेवली. तेव्हा आम्हा टेबलावरच्या लोकांना पहिल्यांदा कळलं की ही अट काढता येते. २०२४ मध्ये ती रीतसर गेली, याचा मला मनापासून आनंद आहे.

रंग गेला, पण अंगठा राहिला. डोंगराकडच्या एका गावची आजी खुब्याचं हाड मोडून आली. सोबत नात, बारावीत शिकणारी. आजीचा अंगठा मशीनवर उमटेना. ओल्या फडक्याने पुसला, बोटाला थोडं खोबरेल लावलं, दुसरी बोटं लावून पाहिली. मशीन प्रत्येक वेळी नाही म्हणे.

"आजी, आणखी एकदा ठेवा."

"कितींदा ठेवू बाप्पा? कापूस येचू येचू झिजला तो."

अंगठा नसेल तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आजीच्या आधारला नंबर होता मुलाचा, तो सुरतला कामाला गेलेला, आणि ते सिम कधीच बंद झालेलं. आजीचं नाव रेशनकार्डावर एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं. जन्मतारीख १ जानेवारी, आमच्याकडच्या बहुतेक म्हाताऱ्यांची असते तशी, कारण ज्यांना तारीख माहीत नाही त्यांची तीच घातली जाते. वर कार्डाचा बारा अंकी नंबर ऑनलाइन दिसत नव्हता. तो तालुक्याच्या पुरवठा शाखेतून घेऊन यायचा होता. नात एसटीने गेली. त्या दिवशी संबंधित बाबू मीटिंगला गेलेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तोवर आजी खाटेवर पाय वजनाला बांधून पडून. खुब्याच्या हाडाला म्हातारपणी जितका उशीर होतो तितकं न्यूमोनियाचं आणि रक्त गोठण्याचं भय वाढतं, हे अस्थिरोगतज्ज्ञ मला रोज येता-जाता सांगत होते. मी त्यांना काय सांगणार? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातीने नंबर आणला आणि नंबर लिहिलेला कागद माझ्या हातात देताना म्हणाली, "सर, आता तर होईन न?" झालं. आजी वॉकर धरून उभी राहिली. पण ती शिकलेली नात नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करतो, कारण तशी नात नसलेली माणसंही याच टेबलासमोर येतात.

फलकाबद्दल एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. दवाखाना योजनेत असतो म्हणजे सगळ्या आजारांसाठी असतो असं नाही. नोंदणी विभागवार होते. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. मुतखड्यासाठी असेल, मेंदूसाठी नसेल. शिवाय काही उपचार सरकारी रुग्णालयांपुरतेच राखून ठेवलेले आहेत. मेहकरकडून एकदा रात्री छातीत कळ आलेला माणूस भाड्याच्या गाडीतून आला. गाडीवाल्याने रस्त्यावरचा फलक पाहिला आणि गाडी आत घातली. आमच्याकडे कॅथलॅबच नव्हती. ईसीजी काढला, गोळ्या दिल्या आणि पुढे पाठवायचं ठरलं. मी फोनवर फोन करत होतो: अकोल्यात कुठे पलंग आहे, जालन्याला कोण घेईल, संभाजीनगरला नेलं तर किती वेळ लागेल. हृदयविकारात एकेक मिनिटाने स्नायू मरतो आणि आमच्या जिल्ह्यातल्या माणसाची ती मिनिटं रस्त्यावर जातात. योजनेचे पाच लाख त्याच्या नावावर होतेच. पण ते ज्या खाटेवर वापरता येतात ती खाट जिल्ह्याच्या सीमेपलीकडे होती. तो पोचला आणि वाचला. सगळेच पोचत नाहीत.

बुलढाण्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथे सगळे विभाग उभे राहायला वेळ लागेल. पण आमच्यासारख्या लोकांचा जीव त्याच्यावर टांगलेला आहे, कारण जिल्ह्यातच खाट मिळाली तर रात्रीचे ते फोन थांबतील.

आता मंजुरी. रुग्ण दाखल झाला की दवाखान्याचा मेडको, म्हणजे योजनेचं काम बघणारा डॉक्टर, तपासण्यांचे अहवाल, खाटेवरच्या रुग्णाचा फोटो आणि उपचाराचा कोड चढवतो. याला आम्ही 'प्रीऑथ गेलं' म्हणतो. तिकडे योजनेच्या वतीने काम करणाऱ्या संस्थेचे डॉक्टर ते तपासतात आणि मंजूर करतात, नाकारतात किंवा क्वेरी टाकतात. क्वेरी पडली हे दोन शब्द नातेवाइकांना सांगणं हे या कामातलं सगळ्यात जड काम. त्यांना वाटतं आपला माणूस नाकारला. खरं म्हणजे एखादी फिल्म नीट दिसत नसते, एखाद्या अहवालावर सही राहिलेली असते. तपासणारेही दुष्ट नाहीत. योजनेत खोटी बिलं लावणारे सापडले आहेत, म्हणून चाळणी लागतेच. अडचण एवढीच की त्या चाळणीची धाकधूक सोसते ती खाटेशेजारी बसलेली बाई.

आमचे मेडको एकदा रात्री उशिरा चहा घेताना म्हणाले, "तुम्हाला वाटतं डॉक्टर टाळतात. पॅकेजचा दर ठरलेला, पैसे महिन्यांनी येतात, आणि ऑपरेशन झाल्यावरही क्लेम कापला जाऊ शकतो. छोट्या दवाखान्याने पगार कशातून द्यायचे?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्याचा भार शेवटी कुठे जातो ते मी पाहिलं आहे. काही ठिकाणी नातेवाइकांना सांगतात, आत्ता अनामत भरा, मंजुरी आली की परत करू. अडलेला माणूस नाही म्हणत नाही. एका माउलीने माझ्यासमोर गळ्यातली पोत काढून जावयाच्या हातात दिली होती. मंजुरी आली, अनामत परतही मिळाली, पण पोत सोडवायला सोनाराने दोन महिन्यांचं व्याज घेतलं. योजनेत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत असा नियम आहे. कुणी मागितले तर आरोग्यमित्राला सांगा, १५५३८८ वर फोन करा, हे मी त्या खुर्चीवर बसून शेकडो लोकांना सांगितलं आणि इथेही सांगतो.

ही झाली मंजुरीच्या अलीकडची गोष्ट. पलीकडची मला एका जोडप्याने शिकवली.

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांचा मोठा भाग पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात येतो. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतही तो पसरलेला आहे. विहिरीचं, बोअरचं पाणी इतकं खारट की डाळ शिजत नाही. किडनीचे रुग्ण या गावांत किती आहेत हे विचारायला लांब जावं लागत नाही, कुठल्याही पारावर सांगतात. खारं पाणी हेच एकमेव कारण असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणत नाहीत. उन्हात पाणी न पिता राबणं, अंगदुखीसाठी मनाने खाल्लेल्या गोळ्या, न सापडलेला रक्तदाब आणि मधुमेह, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. काही असो, डायलिसिसच्या खुर्च्या रिकाम्या नसतात.

ते दोघं आठवड्यातून दोनदा यायचे. त्याचं डायलिसिस योजनेतून, एक रुपया लागत नव्हता. ती बाहेर बाकावर बसायची. एकदा मी सहज म्हणालो, "वहिनी, निदान हा खर्च तरी सुटला." तिने बोटांवर हिशेब मांडला.

"डायलिसिस फुकट हाये भाऊ, हे खरं हाये. पन याहिचं काम तं सुटलंच. माहे आठवड्यातले दोन रोज जाते. निंदनाचे अडीचशे धरा. महिन्याचे झाले दोन हजार. माहं तिकीट येगळं. मधल्या दिवसाच्या गोया येगळ्या. दम लागला तं गावचा डॉक्टर शंभर घेते. मंग सांगा, फुकट काय झालं?"

मी उत्तर दिलं नाही. योजनेच्या पॅकेजमध्ये दाखल रुग्णाचं जेवण असतं. सुट्टी झाल्यावर घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही धरलेलं असतं, पण ते फक्त रुग्णाचं आणि फक्त परतीचं. ज्याने हा नियम लिहिला त्याने गरिबाच्या प्रवासाचा विचार केला होता, हे मान्य करायला हवं. पण सोबतीच्या माणसाची बुडालेली रोजी कुठल्याच कोडमध्ये बसत नाही. तिचा तो हिशेब मी पुढे प्रत्येक बैठकीत मांडला. ज्या घरात दीर्घ आजार आहे त्या घराला खाट फुकट देऊन भागत नाही. औषध आणि रोजी यांचंही काहीतरी बघावं लागतं. शिवाय रुग्ण दाखल व्हायच्या आधीच सोनोग्राफी, सीटी, दोन-तीन डॉक्टरांच्या फिया यांत घरातली शिल्लक संपलेली असते. माझ्या टेबलावर येणाऱ्या पिशव्यांत खासगी लॅबचे अहवाल ठासून भरलेले असायचे. त्या पिशवीतल्या बिलांना योजना हात लावत नाही.

शेवटचा किस्सा जिनिंगचा. तो सांगितल्याशिवाय माझं समाधान होणार नाही.

खामगाव हे कापसाचं गाव. १८७० मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा खामगावात आणला तो कापूस वाहायलाच. आजही दिवाळीनंतर खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव या पट्ट्यात जिन सुरू होतात. रेचे फिरायला लागतात, रुई एकीकडे, सरकी एकीकडे, पुढे प्रेस आणि गठाणी. हंगामापुरते मजूर येतात, त्यांत बाया पुष्कळ. अशीच एक बाई धाप लागते म्हणून आली. चाळिशीची असेल. छातीचा फोटो, तपासणी, ओढायचा पंप, सगळं बाह्यरुग्ण. दाखल होण्याची गरज नव्हती, त्यामुळे योजनेत काही बसत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधी जास्त होतो?" ती म्हणाली, "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लई कोंडते. मंग दोन-तीन दिवसांनं जरा मोकळं लागते."

डॉक्टर एकदम सावध झाले. बाजाराचा दिवस म्हणजे जिनची सुट्टी, आणि आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही कापसाच्या धुळीच्या आजाराची, बिसिनोसिसची, ओळखीची खूण. त्यांनी मला विचारलं, "हिचं ईएसआय असेल ना? कारखान्यात काम करते म्हणजे मालकाला विमा बंधनकारक असणार."

मी तिच्या जिनच्या मुनीमजींना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, आमचा कारखाना हंगामी आहे. आम्हाला ईएसआय लागत नाही." मला ते पटेना, म्हणून कायदा काढून वाचला. मुनीमजी खरं बोलत होते. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, कायदा १९४८ चा. कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीतून चालणारा, महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांना बाह्यरुग्ण उपचार, औषधं आणि आजारपणातला रोख भत्ता देणारा. म्हणजे नेमकं तेच, जे आमच्या योजनेत नाही. पण तो हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत पहिलंच नाव कापसाच्या जिनिंगचं, त्यामागोमाग प्रेसिंगचं. साखर आणि गूळही त्यातच. आता त्याची जागा घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाने बाहेरच ठेवले आहेत. १९४८ च्याच कायद्यासोबत जोडलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत मात्र कापसाच्या धुळीचा आजार नाव घेऊन नोंदवलेला होता. खामगावात सूतगिरणी किंवा बारमाही कारखाना असेल तर तिथल्या कामगाराला तो लाभ मिळेल, आणि त्याच कापसाची पहिली धूळ जिच्या छातीत जाते त्या बाईला मिळणार नाही.

१९४८ मध्ये याला काही कारण असेल. तीन-चार महिने चालणाऱ्या कारखान्याकडून वर्गणी कशी गोळा करायची, नोंदी कशा ठेवायच्या, हा प्रश्न तेव्हा खराच होता. आज बहुतेक मजुरांच्या हातात आधार आहे, अनेकांकडे ई-श्रमचा नंबर आहे, अनेकांच्या पगाराचे पैसे बँकेत जातात. चार महिन्यांच्या वर्गणीवर बारा महिन्यांचं औषध देणं जमणार नाही असं मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही. हे काम बुलढाण्याच्या बाहेर, दिल्लीत व्हायला हवं. पण मागणी इथून गेली पाहिजे, कारण धूळ इथे आहे.

त्या बाईला डॉक्टरांनी नमुन्याचे पंप दिले आणि धुळीपासून लांबचं काम बघायला सांगितलं. "लांबचं काम कोनतं हाये साहेब आमच्याकडं?" असं ती म्हणाली. गठाणींच्या बाजूला काम मिळतं का, म्हणून मी मुनीमजींना पुन्हा फोन केला. त्यांनी तिला सरकी वाळवायच्या ओट्यावर घेतलं. तिथे उन्हाचा त्रास, पण धूळ कमी.

आता मी त्या खुर्चीवर नाही. आम्ही काही जण मिळून हंगाम सुरू व्हायच्या आधी जिनच्या फाटकाशी आयुष्मान कार्डांची शिबिरं घेतो. रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर तपासून ठेवतो, आधारला चालू मोबाइल जोडून देतो, नावांतल्या चुका आजार येण्याआधी दुरुस्त करून घेतो. हे काम होण्यासारखं आहे आणि होतंही आहे. बायांच्या फुप्फुसांची तपासणी आणि पंपांचा बारमाही खर्च कुठून करायचा, हे मात्र अजून सुटलेलं नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे, जिनिंग मालकांच्या बैठकीतही विषय ठेवला आहे. दोन मालकांनी तोंडाला बांधायच्या जाड पट्ट्या द्यायचं कबूल केलं आहे. बाकीच्यांकडे पुन्हा जाणार आहोत.